मंडईच्या दिवशी फ्लॉरेन्सचा पूल

आमच्या घरात धाकट्या सुनेने भासऱ्यांशी बोलायचं नसतं. भासरे म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. डोक्यावरचा पदर गेला, गावाकडची शेती बटईने देऊन तुमसरला राईस मिल झाली, घरात एसी आले, पण ही रीत काही हलली नाही. मला त्यांना काही सांगायचं असलं की मी मोठ्या जावेकडे तोंड करून सांगायची. ते समोर बसून ऐकत असायचे, पण जाऊ पुन्हा बोलेपर्यंत ऐकलंच नाही असा चेहरा ठेवायचे. उत्तरही जावेच्याच वाटेने परत यायचं. "धाकटीले सांग, वरनात मीठ कमी आहे." मी वरणाचं भांडं घेऊन त्यांच्या ताटासमोरच उभी असायची. लग्नापासून आजवर आमच्यात एक शब्द सरळ गेला नव्हता. बाहेरचे याला हसतात, आणि काही तर याला संस्कार म्हणतात. मला दोघांचाही राग येतो.

इटलीची गोष्ट जेवणाच्या टेबलावरच निघाली. भासऱ्यांच्या ओळखीचा एक मिलवाला दहा देश बघून आला होता आणि धान बाजारात कोणी भेटला की मोबाइल काढून फोटो दाखवत होता. भासऱ्यांना ते फार लागलं. आपणही जायचं, त्यांनी जाहीर केलं. कुठे, ते माहीत नव्हतं. जायचं मात्र नक्की होतं. टूरवाल्यांचे कागद आले. त्यात रोज एक देश, रोज पहाटे उठून बस, आणि तिथेही पोहे-उपमा. भासऱ्यांचे गुडघे दुखतात, जावेला बसमध्ये ओकाऱ्या होतात. सगळे कागद चाळून भासऱ्यांनी बाजूला सारले. तेव्हा मी पोळी वाढता वाढता जावेला म्हणाले, "ताई, तुमी म्हना ना, एकाच देशात दोनच शहरं पाहू. रोम आन् फ्लॉरेन्स. आगगाडीनं जाता येते." जावेने म्हटलं. भासऱ्यांनी पोळीचा तुकडा मोडला आणि तिला सांगितलं, "बरोबर बोलली तू."

फ्लॉरेन्स मला कुठून ठाऊक, ते सांगते. माझं माहेर साकोलीचं. हायवेला लागून बापाचं किराणा दुकान होतं. ट्रकवाले थांबायचे, त्यातल्या कोणी एकाने टायर कंपनीचं कॅलेंडर दिलं होतं. बारा महिने, बारा परदेशी चित्रं. एका महिन्याला एक पूल होता आणि पुलावर दोन्ही बाजूंनी घरं. पिवळी, तांबडी, एकमेकांना खेटून, काही तर पुलाच्या बाहेर लोंबलेली. खाली इंग्रजीत शहराचं नाव होतं. बाप म्हणाला, पुलावर कोन राहते, पूर आला म्हंजे? वैनगंगेचं पाणी पाहिलेल्या माणसाला हाच प्रश्न पडणार. मला मात्र ते चित्र सोडवेना. वर्ष संपलं तेव्हा ते पान मी कापून घेतलं आणि भूगोलाच्या पुस्तकाला कव्हर म्हणून घातलं. पुस्तक गेलं, पान गेलं, लग्न झालं, पण त्या पुलावर एकदा उभं राहायचं, हे डोक्यातून गेलं नाही. मी कोणाला बोलले नाही. बोलून काय, हसलेच असते.

आता नशिबाने दार उघडलं होतं आणि मी कंबर कसली. धानाच्या रोवणीचे, भर पावसाळ्याचे दिवस होते. मिलमध्ये काम कमी, पुरुष माणसं दुपारी घरी लोळलेली. मी एकटी मोबाइल घेऊन बसायची. रोममध्ये कुठे उतरायचं, कोणत्या दिवशी काय बंद असतं, स्टेशनावर कोणत्या मशिनीत तिकीट निघतं, गुडघेदुखीच्या माणसाला चढाव कुठे लागेल आणि कुठून टाळता येईल, सगळं. मोबाइलवर रस्त्यांचे फोटो दिसतात, बोटाने सरकवलं की पुढचं घर, पुढची गल्ली. तशी मी फ्लॉरेन्सच्या स्टेशनपासून त्या मोठ्या घुमटापर्यंत आणि घुमटापासून नदीपर्यंत कितीदा गेले असेन. कोणत्या कोपऱ्यावर औषधाचं दुकान आहे, तेसुद्धा मला कळलं होतं. तुमसरच्या बाजारातल्या मागच्या गल्ल्या मला इतक्या माहीत नाहीत, कारण तिथे एकटीने हिंडायची कोणी सोय ठेवली नाही.

तारखा दिवाळीनंतरच्या ठरल्या. तिकडे तेव्हा हवा बरी असते, गर्दी ओसरलेली असते. इकडे लवकर येणारा हलका धान निघून गेलेला असतो आणि उशिराचा भारी धान शेतात उभा असतो, मिलला तेवढीच उसंत. फक्त एक अडचण होती, मंडई. भाऊबीज झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. ज्या गावची मंडई त्या गावच्या लेकी, जावई, सोयरे, सगळे त्या दिवशी येतात. दुपारी दंडार म्हणजे ढोलावरचा नाच, संध्याकाळी जेवण, मग मांडवात नाटक. कोणाच्या पोरीला कुठे द्यायचं हेही त्याच दिवशी ओसरीवर ठरतं. आमचं मूळ घर करडीचं. तुमसरला कितीही मोठे झालो तरी मंडईच्या दिवशी करडीच्या घराची चूल पेटली पाहिजे, नाहीतर गाव नाव ठेवतं. मी जावेला विचारलं, मंडई मधेच येते, मग कसं करायचं? ती म्हणाली, "त्याचं मी पाहीन. तू नको डोकं लावू." मला वाटलं, गावातल्या चुलत दिराकडे सांगून ठेवेल. मी खरंच डोकं लावलं नाही.

राखीला नणंद आली. ती गोंदियाला असते, नवऱ्याचं कपड्याचं दुकान आहे, वजन आणि आवाज दोन्ही भारी. राखी बांधून झाली, भासऱ्यांनी तिला विचारलं, काय देऊ? तिने हसत हसत इटली मागितली. मला वाटलं गंमत करतेय. कोणीच हसलं नाही तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे आधीच ठरलं आहे, मी सोडून सगळ्यांना माहीत आहे. भासरे ताटाकडे बघत जावेला म्हणाले, "धाकटीले सांग, मंडईले घर बंद ठेवता येत नाई. तिच्यासारखं पाहुन्यायचं कोनी करत नाई. चौघं जाऊ आमी." जावेने ते शब्द जसेच्या तसे माझ्याकडे वळवले. जणू मी दुसऱ्या गावी बसले होते.

चौघं म्हणजे भासरे, जाऊ, नणंद आणि माझा नवरा. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो खिरीची वाटी कलती करून शेवटचा घोट घेत होता.

मला तेव्हाच्या तेव्हा तोंड उघडायचं होतं. पण समोर भासरे होते. रीत अशी कामाला येते. जिला बोलायचंच नाही तिला विचारायचंही नसतं. मी रिकामं पातेलं उचललं आणि आत गेले.

खोलीत आल्यावर मी नवऱ्याला धरलं. भांडले, रडलेही. त्याला माझी दया वगैरे आली नाही, त्याला कंटाळा आला. तो पलंगावर पाय पसरून म्हणाला, "अवो, तू तं सगळं पाहूनच घेतलं ना मोबाइलवर. गल्ली न् गल्ली पाठ आहे तुले. आता आनखी जाऊन काय पाहशीन?"

तो वाईट हेतूने बोलला नाही. त्याला ते खरंच पटलेलं होतं, हिशोब सरळ होता. ज्याने पाहिलं नाही त्याने जावं, जिने पाहिलं तिने राहावं. माणसाचा जीव असा जातो, चांगल्या मनाने बोललेल्या शब्दाने. त्या दिवसापासून माझं त्याच्याशी बोलणं कामापुरतं झालं आणि त्याच्या ते लक्षात आलेलं नाही.

मी बेत तिथेच टाकून द्यायला हवा होता, असं माझी बहीण म्हणते. मी टाकला नाही. एक तर दुसऱ्या कोणाला तो निभावता आला नसता. नणंद रोम कोणत्या देशात आहे हे विचारत होती आणि आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला सगळ्यांत पुढे होती. दुसरं म्हणजे, माझ्या हातून झालेलं काम कोणी बिघडवलेलं मला सोसत नाही, मग ते लोणचं असो की इटली. मी त्यांच्या व्हिसासाठी बोटांच्या ठशांची तारीख घेतली, गरम कपडे काढून दिले, जावेसाठी ओकारीच्या गोळ्या बांधल्या. नणंदेला सुरी-काटा धरायला शिकवला. ती स्वयंपाकघरात बसून माझ्यासमोर सराव करायची आणि पोह्यांवर काटा मारत म्हणायची, बाप्पा, तुमाले किती माहीत आहे ना वहिनी, वाया गेलं सारं.

मग जावेला सुचलं की वाचायची कटकट कशाला, मी रस्ता बोलून द्यावा. म्हणून मी त्यांच्या फोनवर माझ्या आवाजात सगळं भरलं. स्टेशनातून बाहेर या, डाव्या हाताला चर्च दिसेल, त्याला वळसा घाला, औषधाचं दुकान लागलं की उजवीकडे. रोमचं पूर्ण, फ्लॉरेन्सचं घुमटापर्यंत. पुलाचं बोलायला बसले आणि बोललेलं पुसून टाकलं. दोनदा बसले. शेवटी एवढंच बोलले की घुमटाकडून सरळ नदीकडे जा, पूल बघा. तो कसा आहे, पुलावर घरं आहेत, ती आता सोन्याची दुकानं झालीत, यातलं काही सांगितलं नाही. ते मला त्यांना द्यायचं नव्हतं.

पुलाचं महत्त्व मात्र भासऱ्यांना कळलं होतं, कारण त्या मिलवाल्याने दहा देशांत तो पाहिला नव्हता. धान बाजारात त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की आम्ही असा पूल पाहणार आहोत, जो जगात नाही.

ते गेले. नागपूरच्या विमानतळावर सोडायला मीही गेले, कारण खाण्याचे डबे माझ्याजवळ होते. दाराशी नणंदेने मला मिठी मारली आणि माझी शाल नेली, तिकडे थंडी असेल म्हणून.

मंडईच्या आदल्या दिवशी मी वैनगंगेचा पूल ओलांडून करडीला आले. घर उघडलं, झाडलं, सारवलं, वड्यांसाठी लाखोरीची डाळ भिजवली. दुसऱ्या दिवशी दुपारपासून माणसं आली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी शिंगाड्यांचे ढीग, ऊस, खेळणी, मधून दंडारीचा ढोल. घरात मी वडे तळत होते आणि येणारी प्रत्येक बाई चुलीजवळ येऊन तेच विचारत होती, तुमी काहून नाई गेल्या? मी उत्तर शोधत होते तोवर एका मावशीनेच सांगून टाकलं, "तुमाले इमानाची भेव वाटते म्हनते ना? मोठीनं सांगतलं आमाले." मी वर पाहिलं. सगळ्या बायका माझ्याकडे कौतुकमिश्रित कीव करून बघत होत्या. जावेने जायच्या आधी गावभर फोन करून ही व्यवस्था करून ठेवली होती. मला राहायला लावलं ते एक, आणि ते माझ्याच भित्रेपणावर घातलं ते दुसरं. मी म्हणाले, हो, भेव वाटते. तेल तापलं होतं, पुढचा घाणा सोडला.

दिवेलागणीला पहिली पंगत बसली. मी वाढत होते तेव्हा फोन वाजला. नवऱ्याचा व्हिडिओ कॉल. तिकडे अजून दुपार होती आणि पाऊस पडत होता. पडद्यावर छत्र्या, माणसांचे खांदे आणि मधे नवऱ्याचं ओलं तोंड. तो वैतागला होता. फ्लॉरेन्समधला त्यांचा शेवटचा दिवस, थोड्या वेळाने रोमला परत जायची गाडी, आणि पूल सापडत नव्हता. घुमटाकडून सरळ आलो, तो म्हणाला, मांगं जराशी नदी दिसली, मग ही दुकानांची गल्ली लागली. पूल कुठंच नाही. वहिनी आणि बहीण दोघी तर दुकानं बघत सुटल्या आहेत, सराफा लाइन आहे इथं.

त्याने फोन फिरवला. दोन्ही बाजूंनी लहान लहान दुकानं होती, काचेमागे सोनं, आणि काचांवर लाकडी फळ्या, जुन्या संदुकीच्या झाकणासारख्या वर उघडलेल्या. माझी शाल पांघरलेली नणंद एका काचेला नाक लावून उभी होती. जाऊ तिला कानातलं दाखवत होती. त्यांच्यामागे, गल्ली जिथे मधोमध मोकळी होते, तिथे दुकानं थांबली होती आणि दोन्हीकडून पांढरा उजेड येत होता.

मी त्या फळ्या इतक्यांदा पाहिल्या होत्या की माझा हात थांबला. ते पुलावर उभे होते. ज्याच्यावर उभं आहोत तो पूल आहे, हे त्यांना कळत नव्हतं, कारण दोन्हीकडे दुकानं असली की पूल दिसत नाही, रस्ताच दिसतो. चार पावलं पुढे त्या उजेडात गेले असते तर दोन्ही बाजूंना नदी दिसली असती आणि भासऱ्यांना बाजारात सांगायला जन्माची गोष्ट मिळाली असती.

मी वड्यांचं पातेलं खाली ठेवलं. नवरा म्हणाला, ऐकू येते का? तेवढ्यात त्याच्या हातातून फोन काढला गेला आणि पडद्यावर भासरे आले. टोपी भिजलेली, चष्म्यावर थेंब, गुडघ्याच्या दुखण्याने चेहरा आंबलेला. मी सवयीने बाजूला बघितलं, मधे कोणी आहे का ते. कोणी नव्हतं. जाऊ सोन्यात होती.

"सूनबाई," ते म्हणाले. "मी बोलून राहिलो. पूल कोन्या बाजूले आहे?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला, सरळ, माझ्या तोंडाकडे बघून. त्यांच्या आवाजात विनंती होती. त्यांना उत्तर देताना काय म्हणून हाक मारायची, हेही मला ठाऊक नव्हतं. पंगतीतल्या लोकांनी वड्यांसाठी पानं पुढे केली होती आणि बाहेर ढोल चालू होता. मी फोन तोंडाजवळ धरला आणि एकेक शब्द नीट उच्चारला, म्हाताऱ्या माणसाला सांगतात तसा.

"मांगं फिरा. थो मोठा घुमट दिसते ना, त्याच्या पल्याड आहे. इकडे नाई, इकडे कायबी नाई."

त्यांनी मान हलवली. हो म्हणाले. वळून सगळ्यांना हाक मारली, चला, मांगं चला, धाकटी म्हनते तिकडे आहे. नणंद काचेवरून नाक काढायला तयार नव्हती, तिला ओढून नेलं. फोन चालूच राहिला होता. मी तो मधोमधचा उजेड लहान होत गेलेला पाहिला, मग छत्र्या, मग नवऱ्याच्या शर्टाचा खिसा. मी फोन ठेवला आणि वडे वाढले. त्या संध्याकाळी वडे कधी नव्हे इतके चांगले झाले होते, सगळ्यांनी मागून घेतले.

ते परत आले. घुमटाच्या पलीकडे पावसात हिंडण्यात त्यांची गाडी चुकता चुकता राहिली. पुलाचं भासऱ्यांनी बाजारात काय सांगितलं, मला माहीत नाही. घरात मात्र त्यांचं मत पक्कं आहे की तो पडला असावा, मोबाइलवर जुने फोटो दाखवतात, फसवतात लोक. माझ्याशी ते पुन्हा बोललेले नाहीत. मीठ कमी असलं तर जावेला सांगतात.

नवऱ्याने तिथे काढलेला एक फोटो मोठा करून बैठकीत लावला आहे. छत्रीखाली चौघं, मागे सोन्याच्या काचा, वर उचललेल्या लाकडी फळ्या. पाहुणे आले की विचारतात, हे कुठलं? जाऊ सांगते, तिथला सराफा आहे, तुमसरपेक्षा भाव जास्त. मी ट्रे घेऊन त्या फोटोखाली उभी असते. चहा घेता का, विचारते, आणि ज्यांना साखर नको असते त्यांना वेगळा आणून देते.